ललित निबंध शिकून अमेरिकेत एमएफएला (सर्जनशील लेखनाच्या पदव्युत्तर पदवीला) अर्ज करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

सुरुवात लेखनाच्या नमुन्यापासून करा. निवड मुख्यतः त्यावरच होते. हेतुपत्र आणि शिफारसपत्रं नंतर येतात. आयोवा विद्यापीठाचा विचार असेल, तर १९३६ साली सुरू झालेला तिथला प्रसिद्ध रायटर्स वर्कशॉप हा अभ्यासक्रम कथा-कादंबरी आणि कवितेसाठी आहे, निबंधासाठी तिथे नॉनफिक्शनचा, म्हणजे काल्पनिक नसलेल्या गद्याचा, वेगळा अभ्यासक्रम आहे. बरेच जण इथेच गोंधळतात.

नमुन्यात काय असावं? आपल्याकडचे पहिले मसुदे बहुतेक आठवणींवरच थांबतात: आजोळ, पाऊस, जुना वाडा. निबंधाला त्या आठवणीबद्दलचा एक खरा प्रश्न लागतो, ज्याचं उत्तर लिहायला बसताना तुमच्याकडे नसतं. इरावती कर्वे वाचा. घरातल्या साध्या प्रसंगातून त्या समाजाबद्दल विचार करू लागतात, आणि तो विचार करताना आपल्याला दिसतात. मला हे शिक्षण कुठल्याही वर्गाइतकंच मोलाचं वाटतं. मग तोच निबंध काही आठवडे बाजूला ठेवून पुन्हा लिहा, पहिला परिच्छेद काढून पाहा.

बऱ्याच ठिकाणी मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणून शिफारसपत्रं सप्टेंबरातच मागा. शिकवण्याच्या बदल्यात फी माफ करून विद्यावेतन देणारे अभ्यासक्रम आधी शोधा. कर्ज काढून ही पदवी घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.