पहिला अर्ज टाकण्याआधी

माहिती अधिकारात "आमच्या पेठेतला रस्ता वर्षात तीनदा का खणला?" असं विचारू नकोस रे. 'का'ला उत्तर येतं, "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही", आणि महिना वाया. कागद माग: कार्यारंभ आदेश (कंत्राटदाराला काम सुरू करायचं पत्र), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही), आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कंत्राटदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपतो त्याचा कागद. पुस्तिका हाती आली की टेप घेऊन सकाळी, वर्दळ सुरू व्हायच्या आत, जागेवर जा. माझ्या एका प्रकरणात पुस्तिकेत ६० मीटर फुटपाथ होता; प्रत्यक्षात पानाच्या टपरीपाशी संपला, जेमतेम ४०.

अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांत. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव, पोच घे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तिथल्याच वरिष्ठांकडे पहिलं अपील. पुढचं अपील राज्य माहिती आयोगाकडे. तिथे मात्र धीर लागतो, फार धीर.

अर्ज पडला की फोन येईल, "साहेब म्हणतात, चहाला या." मी एकदा गेलो. पुढे वर्षभर लोक विचारत होते, "अर्ज मागे घेतलात का?" (घेतला नव्हता. चहाही बरा नव्हता.) भेटायचंच तर कार्यालयात, सोबत कुणाला तरी घेऊन.

कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळव. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागलीच तर ७ दिवसांत तक्रार करावी लागते.

आणि तुझी बाल्कनी परवानगीशिवाय बंद केलेली असेल तर आधी ते निस्तर. पहिली मापं तिचीच निघतील.