पडल्या पडल्या काय वाचावं?

प्रश्न : मी पुण्यातल्या कंपनीत प्रोग्रामर आहे. कमरेतली गादी सरकल्यामुळे सध्या गावी आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे लॅपटॉपसमोर बसू नका म्हटलंय. नवी भाषा शिकावी म्हणून आठशे पानी पुस्तक मागवलं, पण झोपून धरलं की हात भरून येतात आणि डोक्यात काही शिरत नाही. वीज, रेंज दोन्ही बेभरवशाच्या. काय वाचू? — एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ते पुस्तक तूर्त माळ्यावर टाका. भाषा हात चालवूनच येते. कागद-पेन्सिलीवर पुरतं सुटेल असं घ्या. आमची पसंती आरएफसी १०३५ ला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे जाहीर कागद) : डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधायच्या पद्धतीचं मानक, नोव्हेंबर १९८७, ५५ पानं, फुकट. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याला पीडीएफच द्या. साधी टेक्स्ट फाइल दिली तर ओळी मोडतात आणि अक्षरांनी काढलेल्या चौकटींचा पार चुराडा होतो. दहा-बारा पानांना एकेक पिन मारून घ्या. स्पायरल नको, पुन्हा जड होतं.

बाजेला झोळ असेल तर दिवाणावर झोपा. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, कागद दुसऱ्या उशीला टेकवलेला. वीस मिनिटं झाली की उठून ओसरीपासून आंगणातल्या लिंबापर्यंत दोन फेऱ्या. नुसतं पडून राहिल्यानं कंबर आणखी आखडते. नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा डोकं साफ असेल ती वेळ वाचनाला ठेवा. गोळी मात्र मनानं बंद करू नका. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुरुवात चौथ्या प्रकरणापासून करा. नाव विचारताना आणि पत्ता कळवताना यंत्रं एकमेकांना जो निरोप धाडतात, त्याची मांडणी तिथे आहे. निरोपाचं डोकं (हेडर) १२ बाइटचं. मग प्रश्न : एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव ७, सात अक्षरं, ३, तीन अक्षरं, शेवटी ०, असं १३ बाइटांत बसतं. टिंब कुठेच येत नाही. पहिली चूक हमखास इथेच होते. प्रकार आणि वर्ग यांचे ४ बाइट धरून प्रश्न १७ चा. उत्तरात तेच नाव पुन्हा लिहीत नाहीत, १९२ आणि १२ एवढे दोनच बाइट येतात. नावाचा एक तुकडा ६३ अक्षरांहून मोठा नसतो, म्हणून लांबीच्या बाइटचे वरचे दोन बिट एरवी ० असतात. दोन्ही १ दिसले की समजायचं, ही लांबी नाही, मागच्या जागेचा पत्ता आहे. मोजणी शून्यापासून, म्हणून १२ म्हणजे डोक्याला लागूनच सुरू होणारं नाव. मोजणी १ पासून केली की सगळं एका घरानं सरकतं. पुढे प्रकार २, वर्ग २, मुदत ४, लांबी २, आयपी पत्ता ४. म्हणजे नावाचे २ धरून एक उत्तर १६ बाइटचं आणि अख्खा निरोप ४५ चा.

बसायची परवानगी मिळाली की डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा चालवून ताळा करा. नोईडीएनएस हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर ईडीएनएस ही १९८७ नंतरची जोडणी आकड्यात मिसळते. पत्ते एकाहून जास्त आले, तर दर जादा पत्त्यामागे १६ वाढवा.