रॅलीची गाडी आधी पत्र्यात बनते

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की घरातल्या साध्या हॅचबॅकची रॅलीची गाडी करता येते. टपालाचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देत बसलो तर सातपूरचं गॅरेज पोरं त्यांच्या मनाप्रमाणे चालवतील, म्हणून पाचच पत्रं घेतो.

काका, मी साताऱ्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांची २००७ ची पेट्रोल स्विफ्ट आता माझ्याकडे आली आहे. इंजिन १.३ लिटरचं, ८७ बीएचपीचं. तिची रॅली कार करायची आहे. आधी टर्बो बसवू, की हेड पोर्ट करून कॅम बदलू? बजेट बेताचं आहे.

बाळा, गाडी तुझ्याकडे आली म्हणजे वापरायला आली की कापायला आली, हे आधी बाबांना विचार. पत्रात त्यांची परवानगी मला कुठे दिसली नाही.

आता इंजिन. त्याला हात लावू नकोस. तेल, फिल्टर, पट्टा, प्लग बदल आणि बॉनेट बंद कर. याच घराण्यातलं १.३ इंजिन एस्टीममध्ये होतं, आणि त्या एस्टीम आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावल्या. इंजिनामुळे गाडी हरली असं मी फार थोड्या वेळा पाहिलं. पत्रा, नट आणि धूळ यांनी हरलेल्या गाड्या मोजायला बसलो तर हा अंक पुरणार नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. १९९६ साली एका दोस्ताची झेन आम्ही तयार केली. शॉकअप जाड, स्प्रिंग कडक, कॅम बदललेला, सायलेन्सरचा आवाज असा की शेजारच्या शेडमधले लोक बघायला यायचे. इगतपुरीकडच्या मुरमाच्या रस्त्यावर दुसऱ्या स्टेजनंतर, म्हणजे वेळ मोजायच्या दुसऱ्या टप्प्यानंतर, तो म्हणाला, गाडी डावीकडे ओढते. मी अलाइनमेंट बघितली, टायरची हवा बघितली, ब्रेक चिकटतोय का बघितलं. तिसऱ्या स्टेजनंतर तो वैतागून बॉनेटवर हात आपटायला गेला, आणि मला दिसलं की डाव्या शॉकअपच्या वरची बॉडीची टोपी फुगली होती. पुरी फुगते तशी. स्पॉट वेल्डच्या तीन ठिकाणी पत्रा सुटला होता. खड्ड्याचा मार आधी मऊ स्प्रिंग गिळत होती. आम्ही तिला कडक केलं, मग तो मार पुढे पत्र्याकडे गेला. जोर कुठेतरी जाणारच. आणि पत्रा तर कंपनीनं भाजी आणायच्या हिशोबानं दिलेला.

म्हणून तुझं पहिलं काम हत्याराचं नाही, सोलण्याचं. सीटा, गालिचा, दरवाजांची आतली पॅड, छताचं कापड, सगळं बाहेर. फरशीवर आवाज मारणारा डांबरी थर असतो, तो छिन्नीनं उचकट. पाठदुखीचं काम आहे. पण तो निघाल्यावरच पत्र्याचे जोड दिसतात. कारखान्यात हे जोड ठिपक्याठिपक्यांनी शिवलेले असतात. त्या ठिपक्यांच्या मध्ये इंचभर वेल्ड, दोन इंच मोकळं, पुन्हा इंचभर, असा टाका घालत जायचं. सलग ओढलास तर उष्णतेनं पत्रा वाकतो आणि दरवाजे बसत नाहीत. शॉकअपच्या टोप्यांना आतून तिकोनी पट्ट्या मार.

हॅचबॅकमध्ये एक गोष्ट जास्तीची. सेडानला मागच्या सीटमागे आणि डिकीवर पत्र्याचे आडवे पडदे असतात, ते बॉडी पिळू देत नाहीत. हॅचबॅकला तिथे सरळ भगदाड. म्हणून रोलकेजचे, म्हणजे गाडीत बसवायच्या पाइपांच्या पिंजऱ्याचे, मागचे पाय मागच्या शॉकअपच्या टोपीजवळ टेकवायचे आणि मध्ये तिरका पाइप टाकायचा. केज उलटलेल्या गाडीत डोकं वाचवतो हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी सरळ चाकांवर असतानाही तोच बॉडीला पिळण्यापासून धरतो, हे आधीचा केज काढून चालवल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर चेंबरगार्ड. स्विफ्टचं ऑइल चेंबर जमिनीपासून किती वर आहे ते एकदा पालथा झोपून बघ, मग टर्बोचा विचार आपोआप जाईल. जाड अॅल्युमिनियमची पाटी लाव, पण चेंबरला चिकटवून नको. मध्ये बोटं जातील एवढी जागा ठेव, नाहीतर दगड पाटीला लागतो आणि पाटी चेंबरला. आणि पाटीखालून हवा बंद होते, तेव्हा रेडिएटरचा पंखा नीट चालतो का ते बघ.

पुढे सस्पेंशनचे रबरी बुश, मग चांगले शॉकअप, मग पैसे उरले तर डिफरन्शिअल. पुढच्या चाकांच्या गाडीत वळणावर आतलं चाक हलकं होतं आणि सगळी ताकद तिथेच भुरभुर उडवते. प्लेटवालं एलएसडी, म्हणजे हलकं चाक एकटंच फिरू न देणारं डिफरन्शिअल, बसवलं तर तीच ८७ घोड्यांची ताकद रस्त्याला लागते. टर्बोचे १३० घोडे साध्या डिफरन्शिअलमधून काढलेस तर फक्त मुरूम जास्त उडेल. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,३९० मिलिमीटर, म्हणजे गाडी आखूड. घाटातल्या वळणावर ती झटकन फिरते, आणि सरळ रस्त्यावर चाकोरी लागली की तितक्याच झटकन शेपूट टाकते. १७ ची रुंद अलॉय टाकून फोटो चांगला येतो. मुरमावर अरुंद आणि उंच गालाचा टायर खालपर्यंत रुततो आणि पकडतो.

आणि हे माझंच मत आहे असं समजू नकोस. १९८७ साली आयव्हरी कोस्टची रॅली, जागतिक स्पर्धेतली, केनेथ एरिकसननं फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्ये जिंकली. पुढच्या चाकांची, टर्बो नसलेली १.८ लिटरची हॅचबॅक. आफ्रिकेतल्या त्या रस्त्यांवर जिंकायला आधी गाडी शेवटपर्यंत टिकावी लागते.

पण हे सगळं पुढच्या वर्षी. या वर्षी गाडी जशी आहे तशी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीला ने. तिथे वेग नाही, वेळ पाळायची असते. मग एखादी ऑटोक्रॉस, म्हणजे मैदानातली छोटी वेळेची शर्यत, कर. कुठे काय तुटतं ते कळेल, आणि बाबाही झोपतील.

आमच्या मुलाकडे रेनो ५ ची एक खेळण्यातली गाडी आहे. मागची चाकं इतकी रुंद, जणू कमरेवर दोन घागरी घेतल्या आहेत. रस्त्यावरची साधी रेनो ५ मी फोटोत पाहिली आहे, ती तर अगदी बारकी. दोन्ही एकच गाडी आहे का? (एक शिक्षिका, ठाणे)

ताई, घागरीची उपमा मी चोरणार आहे.

दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि तिसरीही एक आहे जी मला सर्वांत आवडते. ती आधी सांगतो. रेनो ५ १९७२ साली बाजारात आली. तिची थोडी तिखट आवृत्ती आली, १,३९७ सीसीचं इंजिन पुढेच आणि चालणारी चाकंही पुढचीच. १९७८ च्या मोंटे कार्लो रॅलीत पोर्शे ९११ पहिली आली, आणि तिच्या मागे दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरावर या रेनो ५. जाँ रान्योती दुसरा, गी फ्रेकलँ तिसरा. बाजारात मिळणाऱ्या गाडीला पत्रा, सस्पेंशन आणि गिअर यांचं काम करून माणसं कुठवर गेली, याचं मला ते सर्वांत चांगलं उदाहरण वाटतं.

मुलाकडची गाडी रेनो ५ टर्बो. तिथे कंपनीनं वेगळाच विचार केला. इंजिन पुढून काढलं आणि मागच्या सीटच्या जागी ठेवलं. चालणारी चाकं मागची केली. एवढी ताकद पेलायला मागची चाकं रुंद हवीत, म्हणून त्या घागरी. त्यात मागे बसायला जागाच नाही. १९८१ ला रान्योतीनं तिच्यातच मोंटे कार्लो जिंकली.

असं का करावं लागलं, तर नियम. स्पर्धेत उतरायचं तर ठरावीक संख्येनं तशीच गाडी लोकांना विकायलाही बनवावी लागते. याला होमोलोगेशन म्हणतात. रेनो ५ टर्बोच्या वेळच्या गटात ही अट ४०० गाड्यांची होती. पुढे १९८२ पासून ग्रुप बी आला, तिथे २०० पुरत होत्या. २०० गाड्या म्हणजे कारखान्याला आठवडाभराचं कामही नाही, मग जो तो नवीन राक्षस बनवू लागला. प्यूजोची २०५ टर्बो १६ त्यातली. बाहेरून घरची २०५ दिसते, आत १,७७५ सीसीचं टर्बो इंजिन सीटांच्या मागे आडवं आणि चारही चाकं चालणारी. दरवाजे आणि काच सोडली तर शेजाऱ्याच्या २०५ चं तिच्यात फार काही नाही. १९८५ आणि १९८६ ची जागतिक विजेतेपदं तिनं नेली. १९८६ मध्ये कॉर्सिकात हेन्री टोइव्होनन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो लान्सिया गाडीच्या अपघातात मेले, आणि वर्षअखेर ग्रुप बी बंद झाला. नंतरच्या ग्रुप एमध्ये अट ५,००० गाड्यांची होती, तेव्हा पुन्हा खऱ्या दुकानी गाड्या दिसू लागल्या.

मुलाला सांगा, टपावर स्पेअर टायर चिकटवू नको. मी लहानपणी चिकटवायचो.

माझं सांगलीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाला रोलकेज हवा आहे. ईआरडब्ल्यू पाइप माझ्याकडे पडून आहे, गेट आणि ग्रिलला वापरतो. भिंत जाड घेतली तर चालेल ना? पोलादात काय एवढा फरक?

मिस्त्री, नाही चालणार. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला असेल, पण हा पाइप गेटलाच ठेवा.

ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी गोल करून लांबीत वेल्ड केलेली. गाडी उलटली की पाइप बाजूनं चेपतो आणि तो जोड उघडायला बघतो. आंतरराष्ट्रीय नियमात म्हणूनच जोडाशिवायचा, थंड ओढलेला कार्बन स्टीलचा पाइप लागतो. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर भिंत, किंवा ५० व्यास आणि २ भिंत. बाकी पाइपांना ३८ वर २.५ किंवा ४० वर २. खाली पाय टेकतो तिथे बॉडीवर निदान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पाटी आधी वेल्ड करायची, मग त्यावर पाय. नाहीतर केज शाबूत राहतो आणि पाय फरशीतून खाली उतरतो. मी तसा एक पाहिला आहे, कुणाचा ते सांगत नाही.

वाकवताना आतली बाजू सुरकुतली तर तो तुकडा टाकून द्या. वाळू भरून, तापवून वाकवणं तर नकोच, थंड वाकवा. आणि दरवाजाच्या बाजूची पाइपांची फुली गिऱ्हाइकानं ‘चढा-उतरायला त्रास होतो’ म्हणून नको सांगितली, तरी करा. छातीच्या बाजूनं झाड आलं तर तेवढंच मध्ये असतं.

गाडीचा पूर्ण विमा आहे. रॅलीत ठोकली तर पैसे मिळतील का? (नगर)

नाही. पॉलिसी उघडा, वापराच्या मर्यादा असं एक कलम असतं. त्यात भाड्यानं देणं, मालवाहतूक यांच्याच रांगेत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी लिहिलेली असते. आणि केज, सीट वगैरे बदल केलेली गाडी रोज रस्त्यावर फिरवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला ते मनाई करतं, आणि सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये तेच सांगितलं. रॅलीची गाडी ट्रकवर चढवून न्यायची सवय लावा. आमच्या वेळी टेम्पोवर चढवताना जेवढं नुकसान व्हायचं तेवढं स्टेजमध्ये होत नसे, तो भाग वेगळा.

माझा मुलगा त्याच्या मित्राच्या गाडीत नॅव्हिगेटर म्हणून बसणार आहे. गाडी त्यांनी घरीच बनवली आहे. मला गाड्यांमधलं काही कळत नाही. मी काय बघू? (कोल्हापूर)

वहिनी, तुम्हाला कळतं तेवढं पुरेल. संध्याकाळी गॅरेजात जा आणि मुलाच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा. चढताना त्रास होईल, होऊ द्या, तो फुलीचा पाइप आहे.

सीटच्या पट्ट्यांवर शिवलेलं लेबल असतं, त्यावर वर्ष छापलेलं असतं. मुदत गेलेले पट्टे जुन्या बाजारात स्वस्त मिळतात आणि पोरं घेतात. डोक्याजवळचे पाइप कठीण फोमनं झाकलेले आहेत का ते हातानं दाबून बघा. अंघोळीच्या स्पंजसारखं दबलं तर तो फोम शोभेचा. मागे पेट्रोलची टाकी आणि तुमच्यामध्ये आग अडवणारा पत्रा आहे का, हे विचारा.

मग त्याला सांगा, मला घट्ट आवळ. अगदी श्वास अडेल इतकं. आणि तसंच बसून हात लांबवा. बॅटरी तोडायचा स्विच आणि पट्टा कापायची सुरी, दोन्हींपर्यंत हात पोचला पाहिजे. सुऱ्या गाडीत दोन हव्यात, दोघांसाठी वेगळ्या. नाही पोचला तर बसल्या जागेवरून उठू नका, पाना आणायला सांगा.