वाचकांचे प्रश्न : ‘विक अँड सेड’मध्ये घडते तरी काय?

प्रश्न : जुन्या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांत ‘विक अँड सेड’ या विनोदी कौटुंबिक मालिकेचे तीन-चार भाग ऐकले. त्यांत श्रोत्यांचा हशा नाही आणि कथानकही जवळजवळ नाही. घरातली माणसे गप्पा मारतात आणि भाग संपतो. मग जाणकार या मालिकेला एवढे का वाखाणतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला ज्या दोन उणिवा वाटल्या, त्यांच्यावरच या मालिकेची सारी मदार आहे. इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन या गावी लहानाचे मोठे झालेले पॉल रायमर ती एकहाती लिहीत असत, आणि १९३२ ते १९४४ या काळात शिकागोहून प्रसारित होणारे तिचे पंधरा मिनिटांचे भाग दिवसा, रडक्या कौटुंबिक मालिकांच्या गर्दीत ऐकू येत. स्वयंपाकघरातील भांडी बनवणाऱ्या कंपनीत हिशेब सांभाळणारा विक, त्याची बायको सेड आणि मुलगा रश एवढीच माणसे बराच काळ प्रत्यक्ष बोलत असत. बाकीचे गाव आपल्याला कळते ते या तिघांच्या तोंडून.

खरी गंमत इथेच आहे. विकच्या ओळखीच्या एका गृहस्थाचे नाव ‘रिशिगन फिशिगन’, गाव मिशिगनमधील ‘सिशिगन’, आणि त्याने लग्न केले ते मेन राज्यातील ‘पेन’ गावच्या जेन बेनशी! हे सारे घरात इतक्या निर्विकारपणे बोलले जाते, की आपल्या शेजारच्या आळीतल्या सोयरिकीची बातमी चालली आहे असे वाटावे. मध्येच कोणी हसले असते, तर तो निर्विकारपणा तिथेच मोडला असता. म्हणूनच स्टुडिओत श्रोते बसवलेले नसत.

विकची भूमिका करणारे आर्ट व्हॅन हार्वे १९४० मध्ये आजारी पडल्यावर फ्लेचरमामा हे पात्र आले. (मूळ नाव ‘अंकल फ्लेचर’; त्यांना ‘मामा’ म्हणणे ही माझीच सोय.) समोरचा काय बोलतो याकडे त्यांचे फारसे लक्ष नसते. ते कुठल्या तरी विसरलेल्या ओळखीच्या माणसाची हकिगत सुरू करतात, त्याचा विचित्र धंदा आणि त्याने बदललेले गाव यांचा तपशील सावकाश सांगतात, आणि ‘पुढे तो वारला’ एवढे म्हणून मोकळे होतात. सेड मात्र हातातले काम न सोडता हुंकार देत राहते. घरात अनेक वर्षे एकत्र राहणारी माणसे एकमेकांचे अर्धेच ऐकतात, हे रायमर यांच्याइतके अचूक टिपणारा दुसरा रेडिओलेखक मला तरी आढळलेला नाही.

तीन-चार भागांत याची चव कळत नाही, हे मात्र खरे, कारण ही नावे पुन्हापुन्हा कानावर पडल्याखेरीज ओळखीची होत नाहीत. हजारो भागांपैकी आज शेकड्यांतच मोजता येतील एवढे उरले आहेत. त्यांतले फ्लेचरमामांचे दहा-बारा भाग ओळीने ऐकावेत.