वाचक विचारतात : विंडोज यायच्या आधीच पीसी का रेंगाळतो?

प्रश्न : डेस्कटॉप सात-आठ वर्षं जुना आहे. मध्यंतरी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, विंडोज मस्त पळायला लागलं, पण मदरबोर्डचा लोगो मात्र अजूनही अर्धा मिनिट स्क्रीनवर ठाण मांडून बसतो. दुकानदार म्हणतो रॅम वाढवा. वाढवू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : रॅमचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. नुसता लोगो दिसत असतो तेव्हा विंडोज बहुतेक सुरूच झालेलं नसतं, तेव्हा मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर काम करत असतं, ज्याला आपण सगळे सवयीने बायोस म्हणतो (आताच्या बोर्डांवर ते यूईएफआय असतं, पण दुकानात बायोसच म्हणतात आणि आपणही तेच म्हणू). रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं, डिस्क कुठे, यूएसबीला काय काय लटकवलंय हे सगळं शोधून चालू करायचं आणि मग गाडी विंडोजच्या ताब्यात द्यायची, एवढं त्याचं काम. जास्त रॅम टाकली तर त्याला तपासायला उलट जास्तच.

आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअपच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' असं लिहिलेलं दिसेल, पुढे सेकंद. दहाच्या आसपास असेल तर तुमचा वेळ बायोस खात नाहीये, दुसरीकडे शोधा. वीस-तीस असेल तर मात्र पुढचं वाचा.

सगळ्यात आधी पीसीला लावलेले पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्डडिस्क, कार्ड रीडर काढून एकदा चालू करून बघा. बऱ्याचदा घोडं इथेच पेंड खातं, आणि मग बायोसमध्ये जायची गरजच पडत नाही. तरी फरक नाही पडला तर पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि बूटच्या मेनूत जा. पहिल्या नंबरला 'विंडोज बूट मॅनेजर' हवा. नेटवर्कवरून बूट करायचा पर्याय (पीएक्सई किंवा नेटवर्क स्टॅक असं लिहिलेलं असतं) बंद करा, घरच्या पीसीला त्याचा काही उपयोग नाही, कोणी येणार नसताना रोज दारात उभं राहून वाट बघण्यातला प्रकार आहे तो. काही बोर्डांवर 'पोस्ट डिले' नावाची सेटिंग असते, म्हणजे तुम्हाला की दाबायला वेळ मिळावा म्हणून मुद्दाम थांबलेले काही सेकंद, ते कमी करा. मग 'फास्ट बूट' चालू करा, म्हणजे बायोस आपली तपासणी आटोपती घेतं. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' वेगळं बरं का, ते शटडाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं, आणि रीस्टार्टला त्याचा काही फायदा नाही. लोक या दोघांची सर्रास गल्लत करतात.

आता राहिलं सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोय. ते बंद केलं की वेळ वाचतो हे खरं, पण डोळे झाकून बंद करू नका! सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बायोस मोड'पुढे काय लिहिलंय ते बघा. यूईएफआय असेल तर ठीक. लेगसी असेल तर तुमची डिस्क बहुतेक एमबीआर म्हणजे डिस्कचे भाग मांडायच्या जुन्या पद्धतीची आहे आणि सीएसएम बंद केलं की विंडोज उघडणारच नाही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून डिस्क जीपीटी म्हणजे यूईएफआयला लागणाऱ्या नव्या पद्धतीची करायला एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल विंडोजमध्येच मिळतं, पण बॅकअप घेतल्याशिवाय ते चालवू नका. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर तेही यूईएफआयला साथ देत नाही आणि स्क्रीन काळी राहते. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, बायोसमधली सेटिंग बदलली की तो ती मागू शकतो.

प्रश्न : नवीन पीसी घेतला, एएमडीचा रायझन प्रोसेसर, त्याला लागणारा एएम५ सॉकेटचा बोर्ड, डीडीआर५ रॅम. रोज चालू करताना बराच वेळ स्क्रीन काळीच. बोर्ड खराब आलाय का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बहुतेक नाही. डीडीआर५ चा वेग इतका जास्त आहे की बोर्डाला रॅमसोबत सिग्नलची वेळ जुळवून घ्यावी लागते, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पहिल्यांदा चालू करताना किंवा रॅम बदलल्यावर त्यात काही मिनिटं गेली तरी घाबरायचं नाही, मध्येच बटण दाबून बंद तर अजिबात करायचं नाही. पण रोज होत असेल तर बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' शोधून चालू करा, म्हणजे एकदा जुळवलेलं पुढच्या वेळी तसंच वापरलं जातं. त्यानंतर ब्लू स्क्रीन यायला लागली तर सरळ परत बंद करा, थोडा वेळ गेलेला परवडला. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हा हा त्रास बराच होता, नंतरच्या बायोस अपडेटमध्ये कमी झाला, त्यामुळे अपडेट करून घ्या, फक्त यूपीएस लावून, अर्ध्यात लाईट गेली तर बोर्ड कामातून गेलाच समजा.

प्रश्न : बायोसमधलं फास्ट बूट 'अल्ट्रा फास्ट'वर केलं, आता डिलीट दाबून बायोस उघडतच नाही!
— एक वाचक, पणजी

उत्तर : उघडणार नाहीच, कारण त्यात कीबोर्ड जागा व्हायच्या आधीच बायोसचं काम उरकलेलं असतं. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. आत गेलात की नुसतं 'फास्ट'वर आणा. विंडोजच उघडत नसेल तर पीसीची वायर भिंतीतून काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग मूळपदावर येतील, तारीख-वेळ मात्र परत लावावी लागेल. आणि ती लावूनही रोज मागे जात असेल तर सेलच संपलाय, घड्याळाच्या दुकानात मिळतो, नवीन टाका.