गळकं आतडं, सुजलेलं लिव्हर

प्रश्न : नवरा रोजचा पिणारा नाही, काजूच्या सीझनमध्ये मात्र रोज संध्याकाळी हुर्राक (काजूची दारू) असतेच. डॉक्टर म्हणतात, आतड्यातल्या जंतूंच्या विषाने लिव्हर सुजलंय. दारूचा नि जंतूंचा काय संबंध? (डिचोली)

उत्तर : फार जवळचा. आतड्यातल्या बऱ्याच जीवाणूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. जीवाणू मेला की ते सुटतं. निरोगी आतडं ते बाहेर फारसं जाऊ देत नाही. दारूने आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि विष रक्तात झिरपतं. हे रक्त पोर्टल शिरेतून आधी लिव्हरमध्येच येतं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७० ते ७५ टक्के याच वाटेचं. तिथे कुप्फर नावाच्या राखणदार पेशी दबा धरून असतात. थोडंथोडकं विष त्या मुकाट गिळतात. लोंढा आला की टीएनएफसारखी सूज आणणारी रसायनं सोडतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतात, आणि त्या हाणामारीत लिव्हरच्याच पेशी मरतात. वर्षानुवर्षं हे चाललं की शेजारच्या ताऱ्यासारख्या पेशी कोलॅजनचे धागे विणत सुटतात. त्याचाच पुढे सिरॉसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक नि निकामी होत जातं.

हुर्राक एकदाच गाळलेली, म्हणून फेणीहून सौम्य, हे खरं. पण लिंबू-सोडा नि चिरलेली मिरची घालून ती ग्लासामागून ग्लास जाते. लिव्हर ग्लास नाही, एकूण अल्कोहोल मोजतं.

प्रश्न : दारूला शिवत नाही, तरी फॅटी लिव्हर! डिटॉक्स ज्यूस घेऊ का? (फोंडा)

उत्तर : ज्यूसचे पैसे वाचवा. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवा, सूज कमी होते. साखर तपासलीत का?

प्रश्न : बाबांना सिरॉसिस आहे. पोट साफ होतं, तरी लॅक्ट्युलोज का? आणि कालवंही बंद? (म्हापसा)

उत्तर : बाबांना ते औषध बद्धकोष्ठासाठी दिलेलं नाही. आतड्यातले जीवाणू अमोनिया बनवतात. थकलेल्या लिव्हरला तो निस्तरत नाही आणि मेंदू गोंधळतो. लॅक्ट्युलोज तो शौचावाटे बाहेर काढतं, म्हणून दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला झाली पाहिजे. बाबांना हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगा, पोलीस गाडी अडवतो तसे. पंजे फडफडले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कालवं पाणी गाळून जगतात, त्यात व्हिब्रियो व्हल्निफिकस हा जंतू साठू शकतो. सिरॉसिसमध्ये लिव्हरची गाळणीच फाटलेली, त्यामुळे तो रक्तात पसरून जीव घेऊ शकतो. म्हणून कच्ची, अर्धकच्ची कालवं अजिबात नकोत. आणि पायाला चीर असेल तर खाडीच्या पाण्यात उतरू देऊ नका. तो जखमेतूनही शिरतो.