दारू चालते, मग गांजाला तुरुंग का?

'दारूपायी घरंच्या घरं बुडतात, तरी ती दुकानात मिळते. मग गांजा ओढणाऱ्यालाच तुरुंग का?' असं तुम्ही विचारलंय. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसेसही चालवतो. माझं मत तिथलंच आहे.

घटनेच्या कलम ४७ मध्ये दारू आणि अमली पदार्थ एकाच वाक्यात आहेत. दोन्ही बंद करायचा प्रयत्न सरकारने करायचाय. पण दारूवर उत्पादन शुल्क मिळतं, म्हणून तिला परवाना. गांजाच्या वाट्याला १९८५ चा हा एनडीपीएस कायदा आला, आणि त्यातूनही भांग सुटली, कारण नुसती पानं व्याख्येत बसत नाहीत. झाड तेच!

आता वजनाची गंमत बघा. एक किलोपर्यंत 'अल्प' प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर 'व्यापारी', म्हणजे किमान दहा वर्षं आणि जामिनाची बोंब. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. पंचनाम्यात मात्र अख्खी गोणी काट्यावर चढते, त्यात पानं, काड्या, बिया सगळं. मग आमची उलटतपासणी त्या काट्याभोवतीच फिरते. शेंडे वेगळे केले होते का? माल ओला होता की सुका? माणसाची दहा वर्षं अशी काडीकचऱ्यावर ठरू शकतात.

म्हणून चिलीम ओढणाऱ्याला आत टाकू नये, या मताचा मी आहे. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता माल बाळगणाऱ्यावरचा खटला बंद केला, विक्री मात्र गुन्हाच ठेवली. मला तेवढंच पटतं. दुकानं उघडायला माझा विरोध आहे. २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले, भांग-गांजा-चरसवाले ३ कोटींच्या आसपास. दुकान हाताशी असलं की गिऱ्हाईक वाढतंच. आणि एकदा महसूल सुरू झाला की सरकार सोडत नाही. गावातलं एक दुकान हटवायला बायकांना 'आडवी बाटली'साठी मतदान करावं लागतं. चंद्रपूरची दारूबंदीसुद्धा २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली.

एमडी (मेफेड्रोन ही रासायनिक नशा), ब्राऊन शुगर (हेरॉईन) यांना गांजाच्या रांगेत बसवू नका, तो वेगळा विषय आहे.

घरात कुणी यात अडकलं असेल तर वकिलाला एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ विचारा. अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. पोराला सोडवायला येणाऱ्या बहुतेक आईबापांना हे कलम ठाऊकच नसतं.